भाजल्यावर आधी पाणी, मग पाला

गुऱ्हाळाचा हंगाम आला की काहिलीतला उकळता रस अंगावर उडण्याचे भय असते. घरात चूल आणि कढई तर बारमाही आहेतच. भाजले की आपल्याकडे कोरफडीचा गर, चुन्याच्या निवळीत घोटलेले खोबरेल, तूप, मध यांची धावाधाव होते. कोणी शाई, राख, शेणही लावतात. राख-शेणाने जखम चिघळते, धनुर्वात होऊ शकतो. ती चाल बंदच व्हावी.

पण म्हणून सर्वच घरगुती औषधांना नावे ठेवणे बरे नव्हे. मुंबईच्या डॉक्टरांनीच १९८५ साली उकडलेल्या बटाट्याच्या सालींची व २००३ साली केळीच्या पानांची पट्टी भाजलेल्या जखमांसाठी उपयोगी असल्याचे प्रसिद्ध केले. मात्र ती पाने निर्जंतुक केलेली होती आणि रुग्ण डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. सुश्रुतसंहितेतही भाजण्याचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध असे चार प्रकार मानले आहेत. सर्व भाजण्यांना एकच औषध चालत नाही, हे जुन्या वैद्यांनाही ठाऊक होते.

तेव्हा आमचा आक्षेप पाल्यावर नाही, घाईवर आहे. तेल-तूप आधी चोपडल्यास उष्णता आतच कोंडते. प्रथम २० मिनिटे साधे थंड पाणी सतत ओतावे. बर्फ लावू नये. अंगठी, बांगड्या लगेच काढाव्यात. फोड फोडू नयेत. स्वच्छ धुतलेल्या फडक्याने जखम सैल झाकावी. कातडी न फुटलेल्या लहानशा भाजण्यावर मग कोरफडीचा ताजा गर लावण्यास हरकत नाही.

रुग्णाच्या तळहाताहून मोठी जखम, तोंड, हात वा जांघ भाजणे, कातडी पांढरी किंवा काळी पडणे, किंवा रुग्ण लहान मूल अथवा वृद्ध असणे, यांपैकी काहीही असेल तर पाणी ओतून झाल्यावर थेट दवाखाना गाठावा. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही तेथे विचारावे.

संत लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी आठवा. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या. पण तेवढ्यावर न थांबता जखमी माणसाला उतारशाळेत नेले आणि खर्चही सोसला. आपले पुष्कळ लोक तेलापाशीच थांबतात. यंदा प्रत्येक गुऱ्हाळावर स्वच्छ पाण्याचे एक पिंप भरलेले राहावे आणि दवाखान्यात नेणारे वाहन कोणाचे, हे आधीच ठरलेले असावे. शेजारधर्म तो हाच.