दांडा नसलेला पंप

परदेशवारी म्हणजे महागडी तिकिटे, हा माझा समज दोन वर्षांपूर्वी लंडनमधील एका दिवसाने दूर केला. परिषद आटोपल्यावर आम्ही चौघा डॉक्टर मित्रांनी तो दिवस पायीच फिरण्याचे ठरविले. शिदोरीला इंदूरची शेव होतीच. ब्रिटिश म्युझियम विनामूल्य पाहिले. १८५२ साली स्थापन झालेले ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटचे बालरुग्णालय बाहेरूनच न्याहाळले.

मनात घर केले ते मात्र सोहो भागातील ब्रॉडविक स्ट्रीटवरील पाण्याच्या पंपाने. जुन्या पंपाची ती प्रतिकृती. तिला दांडा नाही. १८५४ च्या पटकीच्या साथीत डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरे नोंदवून साथीचे मूळ याच पंपाच्या पाण्यात शोधले आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. पुढे आढळले, की शेजारच्या घरातील पाच महिन्यांच्या आजारी बाळाची दुपटी धुतलेले पाणी मैल्याच्या खड्ड्यातून त्या विहिरीत झिरपत होते.

डिसेंबर २०२५ मध्ये, स्वच्छतेसाठी देशभर गौरविलेल्या आपल्या इंदूरच्या भागीरथपुऱ्यात सांडपाणी मिसळलेल्या नळाच्या पाण्याने माणसे दगावली, तेव्हा तो पंप पुन्हा आठवला. सलाईन लावणे हे आपले काम आहेच. परंतु एकाच गल्लीतून जुलाबाची दोन बालके आली, की पत्ता टिपून त्याच दिवशी पालिकेस कळविणे, हेही आपलेच काम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्यापैकी कोणी लंडनला गेल्यास तो पंप अवश्य पाहावा. त्याला तिकीट नाही.