बंडी हरवली, त्याची गोष्ट

दिवाळीच्या सुटीत आमचे चिरंजीव पुण्याहून साकोलीला आले ते लॅपटॉप घेऊनच. म्हणाले, "बाबा, या यंत्राला आपण शब्द शिकवू." जन्मभर मुलांना मराठी शिकवली, आता हाही विद्यार्थी सही!

१९९१ साली जगापुढे आलेल्या पायथॉन नावाच्या संगणकभाषेत त्यांनी पंधरा-वीस ओळी लिहिल्या आणि एक 'पेटी' तयार केली. संगणकवाले अशा वस्तूला 'ऑब्जेक्ट' म्हणतात. पेटीला दोनच विद्या येत होत्या. शब्द आणि अर्थ दिला की लक्षात ठेवायचा. पुढे शब्द विचारला की अर्थ सांगायचा. ठाऊक नसेल तर ती सरळ म्हणे, 'माहीत नाही, शिकवा.' एवढा प्रामाणिकपणा माझ्या वर्गात क्वचितच पाहायला मिळाला.

शब्द सांगायला आमची आत्या होती. बांधी म्हणजे बांध घातलेला धानाच्या शेताचा तुकडा, बोडी म्हणजे लहान तळे, बंडी म्हणजे बैलगाडी. पन्नासेक शब्द झाले. लॅपटॉप बंद करून आम्ही जेवायला बसलो. सकाळी पाहतो तो पेटी रिकामी! कार्यक्रम चालू असेतोवरच तिची स्मरणशक्ती. मग दोन ओळी वाढवल्या : शिकलेला प्रत्येक शब्द फायलीत लिहायचा, आणि उठल्याबरोबर ती फाईल वाचायची.

आत्याने न कुरकुरता सारे शब्द पुन्हा सांगितले. संध्याकाळी चिरंजिवांनी स्वतःचे चार शब्द घातले. रात्री मी सहज 'बंडी' विचारले. उत्तर आले, 'बिनबाह्यांचे जाकीट.' बैलगाडीचा मागमूस नाही! यंत्राचा दोष नव्हता. आम्ही एका शब्दाला एकच घर दिले होते. नवा भाडेकरू आला की जुना रस्त्यावर. मग प्रत्येक शब्दापुढे अर्थांची यादी ठेवली. आता नवा अर्थ जुन्याच्या शेजारी जाऊन बसतो.

मला मात्र झोप लागेना. आमच्या झाडीबोलीत 'ण' नाही. पोरे वहीत 'पानी' लिहीत, आणि मी तांबड्या शाईने ते खोडून वर 'पाणी' लिहीत असे. प्रमाण मराठी शिकवणे माझे कामच होते. पण घरचा शब्द खोडायला मला कोणी सांगितले होते? तोही शेजारी राहिला असता. आमच्याच साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा शब्दकोश केला, तेव्हाही ही चूक माझ्या ध्यानात आली नव्हती. ती दाखवली पंधरा-वीस ओळींच्या पेटीने.

सकाळी आत्यापाशी बसलो. गेली कित्येक वर्षे ती माझ्यासमोर जपून 'पाणी' म्हणते, हे मला त्या दिवशी प्रथमच जाणवले.

"आत्या, आणखी शब्द सांग. तू बोलतेस तसेच."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि हसून विचारले, "कोनता सांगू?"