गरम चादर कॉलेजातच बनू द्या

मे महिन्यातल्या दुपारी उन्हात उभ्या केलेल्या काळ्या कार्बन फायबरच्या बॉनेटचं तापमान सत्तर अंशांच्या घरात सहज जातं. खोलीच्या तापमानाला रात्रभर ठेवून कडक झालेलं इपॉक्सी रेझिन मात्र पन्नास-साठ अंशांनाच मऊ पडू लागतं. मग बॉनेटच्या कडा झुकतात, पृष्ठभागावर कापडाची वीण उमटते, आणि विद्यार्थी म्हणतात, ‘सर, मटेरियल खराब निघालं.’ मटेरियल चांगलंच असतं. ते नीट शेकलेलं नसतं. साच्यातून काढण्याआधी त्याला हळूहळू साठ ते ऐंशी अंशांवर नेऊन काही तास तिथे धरावं लागतं. तो शेक मिळाला की तेच रेझिन उन्हात ताठ उभं राहतं.

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये माझी नोकरी झाली. बाहा आणि फॉर्म्युला स्पर्धांसाठी गाड्या बनवणारी मुलंमुली आजही माझ्याकडे येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : एवढा मोठा भाग शेकायला ओव्हन कुठून आणायचा? विमान दुरुस्तीवाल्यांना हा प्रश्न फार पूर्वीच पडला होता, कारण पंखावर ठिगळ लावायचं तर अख्खा पंख भट्टीत घालता येत नाही. ते ठिगळावर सिलिकोन रबराची गरम चादर पसरतात आणि रेझिनच्या जातीप्रमाणे १२० किंवा १७७ अंशांपर्यंत नेतात. आपल्या मुलांना ऐंशी पुरतात. तेवढी चादर घरी बनते, आणि ती बनवण्यासारखी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

सामान साधं आहे. पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून नायक्रोमची तार, बाकीचं बोहरी आळीतून. नायक्रोम म्हणजे शेगडीच्या कॉइलची आणि इस्त्रीतली तार. अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना १९०६ साली या मिश्रधातूचं पेटंट मिळालं आणि विजेवरची उष्णता घराघरांत पोचली. २४ गेजच्या तारेचा रोध मीटरला साधारण साडेचार ओहम. समजा, ३० बाय ४५ सेंटिमीटरची चादर करायची आहे. तार ४५ सेंटिमीटरच्या फेऱ्यांनी नागमोडी बसवायची, एका तारेच्या सहा फेऱ्या. म्हणजे २.७ मीटर, म्हणजे १२ ओहम. २४ व्होल्टला तिच्यातून २ अँपिअर वाहतात. अशा चार तारा समांतर जोडल्या की २४ फेऱ्या होतात, दोन फेऱ्यांत सव्वा सेंटिमीटरचं अंतर पडतं आणि एकूण १९२ वॉट मिळतात. वरून काचेच्या लोकरीचा थर दिला तर ऐंशी अंशांना हे भरपूर झालं. कडांमधून उष्णता जास्त निसटते, म्हणून कडेच्या फेऱ्या थोड्या जवळ घ्यायच्या.

हा हिशेब मुलगी स्वतः कागदावर करते, तार मोजून कापते आणि मल्टिमीटरवर बाराच्या आसपासचा आकडा बघते, तेव्हा ओहमचा नियम तिचा होतो. बारावीपासून तो पाठ असतो. तरी चार समांतर तारांचा एकूण रोध विचारला, तर दहातले सहा जण आधी बेरीज करतात.

सिलिकोनमध्ये घाई चालत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकोन घेऊ नये, त्यातून सुटणारं आम्ल तांब्याचे जोड खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेली नळी घ्यावी. हे सिलिकोन हवेतली ओल घेऊन बाहेरून आत घट्ट होत जातं. काचेच्या कापडाच्या दोन थरांत एकदम दाबून भरलं तर मधला भाग कित्येक दिवस ओलाच राहतो. म्हणून खालचा थर आधी पुरता वाळू द्यायचा, मग तार, मग वरचा पातळ थर. नायक्रोमला सोल्डर नीट धरत नाही, तिथे क्रिंपच हवा, आणि तो जोड चादरीच्या तापत्या भागाबाहेर.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तिकडे येतो.

चादरीचं तापमान एक छोटा कंट्रोलर सांभाळतो आणि त्याच्या हुकमावर सॉलिड स्टेट रिले वीज चालू-बंद करतो. हा रिले बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा चालू स्थितीतच अडकतो. कंट्रोलर ‘बंद’ म्हणत राहतो आणि चादर तापत राहते. दुसरा प्रकार याहून नेहमीचा. सेन्सरची चिकटपट्टी सुटते, सेन्सर हवेत लोंबतो, खोलीचं तापमान दाखवतो आणि कंट्रोलर प्रामाणिकपणे आणखी उष्णता मागतो. लोकरीखाली दबलेली चादर मग चढतच जाते. तिचा एखादा कोपरा साच्याबाहेर लोंबत असेल किंवा दुमडला असेल, तर तो आधी जळतो. शिवाय कार्बन फायबरमधून वीज वाहते, हे कितीतरी मुलांना माहीतच नसतं. २३० व्होल्टच्या चादरीतली एक तार उघडी पडून कार्बनला टेकली, तर अख्खं बॉनेट जिवंत होतं.

हे धोके कॉलेजांना ठाऊक असतात, आणि त्यावर सोपा उपाय म्हणून सूचना निघते : विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेली तापणारी उपकरणं कॅम्पसमध्ये वापरू नयेत. स्पर्धेची तारीख मात्र बदलत नाही. मग तीच चादर हॉस्टेलच्या खोलीत बनते. थेट प्लगला, पलंगाशेजारी, रात्री दोन वाजता, एक्स्टेंशन बोर्डावर. एकही शिक्षक तिथे नसतो. मुलांच्या जिवाची काळजी म्हणून काढलेली सूचना त्यांना सर्वांत धोक्याच्या जागी ढकलते, आणि याचा मला मनापासून राग येतो.

माझी मागणी अशी की ही चादर दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकांत घ्या. मेकॅनिकलला घ्या, इलेक्ट्रिकलला घ्या, आयटीआयच्या वायरमन ट्रेडलाही घ्या. जर्नलमध्ये मागच्या वर्षीचे आकडे उतरवून सही मिळवण्यापेक्षा मुलांच्या हाताला यातून कितीतरी जास्त मिळेल. अटी कडक ठेवा. चादरीपर्यंत २४ व्होल्टच यावेत. बंद पेटीतल्या पॉवर सप्लायच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. आणि कंट्रोलरशी काडीचाही संबंध नसलेला दुसरा कटऑफ असलाच पाहिजे : चादरीतच बसवलेला, ९५ अंशांना उघडणारा बायमेटल थर्मोस्टॅट. तो उघडला की हीटरच्या वाटेतला २४ व्होल्ट कॉइलचा कॉन्टॅक्टर पडावा आणि कुणी येऊन हिरवं बटण दाबेपर्यंत पडलेलाच राहावा. होल्डिंग कॉन्टॅक्टचं हे सर्किट मोटर स्टार्टरमध्ये असतं, आपला कुठलाही वायरमन ते डोळे मिटून जोडतो. सोबत भात शिजवण्याच्या कुकरमध्ये असतो तसा थर्मल फ्यूज. या गोष्टींना चादरीच्या मानाने फार खर्च नाही.

गुण चादर किती सुबक झाली यावर देऊ नका. परीक्षकांसमोर ती अॅल्युमिनियमच्या जुन्या पत्र्यावर पसरा, आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा, रिलेची दोन टोकं तारेने मुद्दाम जोडा आणि सेन्सर काढून टेबलावर ठेवा. कंट्रोलर तीस अंश दाखवत असताना कॉन्टॅक्टर आपोआप पडला, तर विद्यार्थी पास. नाही पडला, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा.