पन्नाशी गाठायची कशी?

2001 मध्ये फियाट पॅलिओ भारतात आली, तेव्हा तिची जाहिरात सचिन तेंडुलकर करत होता आणि गाडी घेणाऱ्या घरात पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती देते?’ हाच असायचा. त्या प्रश्नावर पॅलिओची ‘1.6 जीटीएक्स’ सपशेल नापास व्हायची. पण 1,596 सीसीचे, 16 व्हॉल्व्हचे, जवळपास 100 अश्वशक्तीचे इंजिन त्या काळी एवढ्याशा हॅचबॅकमध्ये दुसरे कोण देत होते? मारुतीने बिनचूक गणित मांडलेल्या बाजारात ही गाडी म्हणजे निव्वळ हौस होती, आणि ती कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत होती.

युरोपात या हौसेचा वंशवेल जुना. फोक्सवॅगनने 1975 च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात गोल्फ जीटीआय मांडली तेव्हा 5 हजार गाड्या खपल्या तरी पुष्कळ, असा कंपनीचा होरा होता. पहिल्याच पिढीच्या साडेचार लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. 1984 मध्ये प्यूजोची 205 जीटीआय आली. आज या दोन्ही गाड्या मूळ रूपात आणणे हा तिकडे रीतसर धंदा आहे. आपल्याकडच्या जीटीएक्सची पंचविशी आता उंबरठ्यावर आहे आणि तिला पुन्हा शोरूममधून निघाली तशी करू पाहणारे हौशी पुण्या-मुंबईत भेटतात. त्यांची गाठ मात्र गंजापेक्षा मोठ्या अडचणींशी पडते.

पहिली अडचण आधीच्या मालकांची. पेट्रोलचा खर्च झेपेना म्हणून कोणी सीएनजी किट बसवले आणि त्यासाठी डिकीचा पत्रा भोसकला. कोणी ‘फ्री-फ्लो’ सायलेन्सर लावला, कोणी चकचकीत अलॉय चढवले. या अलॉयची गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. पॅलिओची चाके चार बोल्टवर बसतात आणि त्या बोल्टच्या वर्तुळाचा व्यास 98 मिलिमीटर असतो. स्विफ्ट, सँट्रो, होंडा सिटी यांसारख्या गाड्यांचा व्यास 100. बाजारातले बहुतेक अलॉय याच मापाचे. दोन मिलिमीटरने काय बिघडते, म्हणत दुकानदार ते दामटून बसवतो. चाक लागते, पण केंद्रात बसत नाही. बोल्ट किंचित तिरके आवळले जातात आणि ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागते. मग मालक ‘फियाटचं सस्पेन्शनच नाजूक’ म्हणून मोकळा! गाडी मूळ रूपात आणायची तर असले 20 वर्षांचे उपद्व्याप एकेक करून उलटे फिरवावे लागतात.

कायद्याचाही कल मूळ रूपाकडेच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले, की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. म्हणजे गाडी जशी होती तशी करणारा माणूस कायद्याला हवे तेच करत असतो. पण त्याच्या वाट्याला येते काय?

डेंटिंग-पेंटिंगपासून पाहू. कारखान्यातून आलेल्या रंगाचा थर साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉन असतो. जाडी मोजायचे छोटे यंत्र पत्र्याला लावले आणि आकडा पाचशेच्या वर गेला, की खाली लांबी भरलेली आहे हे समजावे. दोन-अडीच दशकांचे पावसाळे काढलेल्या गाडीत दारांच्या खालच्या कडा, स्टेपनीचा खळगा आणि पुढच्या काचेखालची पाणी वाहून जायची भोके या जागा आधी सडतात. ते काम मुरलेला डेंटर करू शकतो. पत्रा कापून नवा जोडता येतो. न मिळणाऱ्या गोष्टी क्षुल्लक असतात: दाराचे रबर, डॅशबोर्डची क्लिप, हेडलाइटची काच. त्यासाठी पुण्यातली नाना पेठ आणि कुर्ल्याचा भंगार बाजार पालथा घालायचा. गाडी जन्मली कुर्ल्यात आणि तिचे सुटे भागही कुर्ल्याच्या भंगारातच शोधायचे, अशी ही तऱ्हा.

फियाट आता स्टेलँटिस समूहात आहे. याच समूहाच्या इटलीतल्या वारसा विभागाने लान्सिया डेल्टा इंटिग्रालेचे बंपर नव्याने बनवून विकायला काढले. फ्रान्समध्ये 205 जीटीआयचे सुटे भाग मिळतात, गाडी कंपनीकडे देऊन दुरुस्तही करून घेता येते. भारतात इतक्या थोड्या गाड्यांसाठी कोणी साचे काढणार नाही, हे मान्य. पण बंद झालेल्या भागांची रेखाचित्रे लहान उद्योजकांना माफक शुल्कात द्यायला काय हरकत आहे? चाकण आणि भोसरीत रबर आणि प्लास्टिकचे भाग काढणारे कारखाने कमी नाहीत.

दुसरी बाजू सरकारची. 2021 मध्ये केंद्राने जुन्या वाहनांसाठी ‘विंटेज’ नोंदणी आणली, ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट दिली. अट एकच मोठी: पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेली हवीत. महाराजांच्या रोल्स-रॉइसला ही अट जाचत नाही. पॅलिओला मात्र 2051 उजाडेल. तोवर 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, वर पर्यावरण कर. 20 वर्षांवरील मोटारीचे नूतनीकरण शुल्क 2025 मध्ये 10 हजार रुपयांवर गेले. शिवाय पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल. 2002 च्या गाडीतले इंधनाचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनलेलेच नाहीत. ते बदलूनच गाडी चालवावी लागते. मूळ रूपाचा हट्ट इथे सोडावाच लागतो, तसाच टायर आणि ब्रेकच्या बाबतीतही.

जुन्या गाड्या धूर ओकतात, त्या भंगारातच गेल्या पाहिजेत, हा आक्षेप बहुतांश गाड्यांबाबत रास्त आहे. पण महिन्यातून दोनदा बाहेर निघणाऱ्या मूठभर गाड्यांनी शहराची हवा बिघडत नाही. जर्मनीने 1997 पासून तिशी ओलांडलेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना ‘एच’ प्लेट दिली आहे. तपासणी कडक, वार्षिक कर मात्र सरसकट 191 युरोंच्या आसपास आणि शहरांच्या पर्यावरण क्षेत्रांत प्रवेश खुला.

आपल्याकडे वेळ निघून गेल्यावर जाग येते. मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 अखेर रस्त्यावरून गेली, तेव्हा निदान एक तरी गाडी जतन करा, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेला करावी लागली. हजारोंच्या संख्येने धावलेल्या गाडीची ही गत, तर हौसेपोटी थोडक्यांनी घेतलेल्या जीटीएक्सची काय असेल?

म्हणून विंटेजच्या खाली 30 वर्षांची एक पायरी हवी. आरटीओने मूळ इंजिन, मूळ रंग आणि मूळ चाके तपासावीत, वर्षाला ठरावीक किलोमीटरचीच मुभा द्यावी, पीयूसीत सूट देऊ नये, आणि त्या बदल्यात नूतनीकरणाचा वाढीव भार उतरवावा. भारतात विकलेली पहिली पॅलिओ 2031 मध्ये तिशी गाठेल. नियमाचा मसुदा, हरकती आणि अधिसूचना यांत जाणारा काळ धरला, तर कामाला आत्ताच लागायला हवे.