देश फिरण्याआधी जाम नदीचा पूल





गेल्या महिन्यात आपल्या शाळेचे सहा माजी विद्यार्थी मला भेटायला आले. कोणी घरचा संत्र्याचा बगीचा पाहतो, कोणी सौंसरला नोकरी करतो, एकाचे नागपूर रोडवर स्पेअर पार्टचे दुकान आहे. सहाही जण मित्र. त्यांनी माझ्या टेबलावर भारताचा नकाशा पसरला. त्यावर लाल पेनाने एक मोठा चौकोन काढलेला होता. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि पुन्हा दिल्ली. मोटारसायकलवर पंचवीस दिवसांचा प्रवास, आणि त्यातून निधी गोळा करायचा. निधी कशासाठी? दहावीनंतर ज्या मुलींचे शिक्षण फक्त बसभाड्यासाठी थांबते, त्यांच्यासाठी. "सर, आम्ही तयारी करूनच राह्यलो. तुम्ही फक्त शाळेचे नाव द्या आणि पोरांकडून थोडा चंदा जमा करू द्या," असे ते म्हणाले.

हा विषय विश्वस्तांच्या बैठकीत निघाला तेव्हा दोन तट पडले. पालकही मला रस्त्यात थांबवून विचारतात. म्हणून माझे मत या पानावरच लिहून टाकतो. माझे शिक्षण हिंदी माध्यमातले. लिहिताना कुठे हिंदीचे वळण आले तर मराठीच्या बाईंनी सांभाळून घ्यावे.

बैठकीतला पहिला आक्षेप हिशेबाचा होता, आणि तो खरा होता. तो फळ्यावर मांडू. सुवर्ण चतुष्कोण नावाच्या या महामार्गाची लांबी ५,८४६ किलोमीटर आहे. आपल्या गावाहून त्या रस्त्याला लागणे आणि परत येणे धरले तर साडेसहा हजार. गाडी लिटरमागे ४५ किलोमीटर देते असे मानले तरी एका गाडीला जवळपास १४५ लिटर पेट्रोल लागेल. आपल्याकडे पेट्रोल शंभर रुपयांच्या वर आहे. म्हणजे एका गाडीचे पंधरा हजार. पंचवीस दिवसांचे खाणे आणि मुक्काम काटकसरीने वीस हजार. एकाचे पस्तीस हजार, सहा जणांचे दोन लाख दहा हजार. आणि मुलांनी निधीचे लक्ष्य ठेवले आहे तीन लाख! एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, "सर, दोन लाख जाळून तीन लाख आणण्यापेक्षा ते दोन लाखच मुलींना द्या ना. हेल्मेटचे पैसेही वाचतील." सगळे हसले. मीही हसलो, पण मला एक जुनी गोष्ट आठवली आणि हसू मावळले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झाले होते, लोक थकून झोपले होते. दगडमातीची जड घरे त्यांच्यावर कोसळली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, नुकताच शिक्षक झालेला. आम्ही तिघा मित्रांनी गावात फिरून २,३०० रुपये आणि जुन्या कपड्यांची तीन गाठोडी जमवली, आणि दोन मोटारसायकली काढून किल्लारीकडे निघालो. मनात मोठा उत्साह होता. खरे सांगायचे तर थोडी फुशारकीही होती.

दोन दिवसांनी पोहोचलो. एका मदत केंद्राजवळ रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडलेले होते, पावसाने भिजलेले. त्यांना कोणी हात लावत नव्हते. आमच्या गाठोड्यांकडे पाहून तिथला कार्यकर्ता काही बोलला नाही, फक्त त्या ढिगाकडे बोट केले. ज्यांचे सगळे गेले त्यांनाही दुसऱ्याचा फाटका सदरा घालताना लाज वाटते, हे आम्हाला निघण्यापूर्वी सुचले नव्हते. काय हवे ते विचारायचे असते, हेही सुचले नव्हते.

परतल्यावर एका शेतकऱ्याने चारचौघांत विचारले, "मास्तर, माझ्या वीस रुपयांचे काय झाले?" हिशेब केला. ९०० रुपये पेट्रोलला, १५० रुपये आमच्या जेवणाला, केंद्रावर दिले १,२५०. म्हणजे त्याच्या वीस रुपयांतले नऊ रुपये आम्हीच खाल्ले होते. खोटे काहीच केले नव्हते, तरी मान वर होईना. पुढच्या दोन पगारांतून आम्ही तिघांनी १,०५० रुपये भरून मनीऑर्डर केली, तेव्हा कुठे त्या शेतकऱ्याच्या दारावरून सरळ जाता आले.

पण त्याच प्रवासातली दुसरी एक आठवणही आहे. पत्र्याच्या शेडबाहेर एक म्हातारी बसली होती. कुठून आलात म्हणाली. मध्य प्रदेशातून, म्हटल्यावर ती बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिली. "एवढ्या लांबून? मग बसा की." आम्ही तासभर बसलो. घरातले कोण कोण गेले ते तिने एकेकाचे नाव घेऊन सांगितले. आम्ही काहीच दिले नाही, फक्त ऐकले. निघताना तिने तिघांच्या डोक्यावरून हात फिरवला. आज विचार करतो, त्या प्रवासात आमच्या हातून खरे काम झाले असेल तर ते त्या एका तासातले. तो तास मनीऑर्डरने पाठवता आला नसता.

म्हणून विश्वस्तांचा हिशेब बरोबर असूनही मला तो अपुरा वाटतो. दोन लाख देऊन टाका म्हणणे सोपे आहे. ही मुले घरी बसली तर ते दोन लाख मुलींना मिळणार आहेत का? माणूस पाकीट उघडतो ते कोणीतरी आपल्यासाठी कष्ट सोसताना दिसले म्हणजे. ही गोष्ट जगभर दिसते. २०१२ साली ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरातून सूटबूट घालून मोटारसायकल चालवण्याचा एक उपक्रम सुरू झाला. आज अनेक देशांत वर्षातून एकदा लोक तसे निघतात आणि पुरुषांच्या आजारांसाठी पैसा उभा करतात. फेरी एका दिवसाची, आपल्याच शहरातली. त्यामुळे पेट्रोल थोडे आणि निधी मोठा. हिशेब असाही जुळवता येतो.

पण आपल्याला उदाहरणासाठी सिडनीपर्यंत जायची गरज नाही. नागपूर ओलांडले की तेवढ्याच अंतरावर वरोरा आहे आणि तिथे आनंदवन आहे. बाबा आमटे यांचा जन्म १९१४ साली हिंगणघाटला, सधन जमीनदार घराण्यात झाला. तरुणपणी त्यांच्याकडे स्वतःची स्पोर्ट्स कार होती, शिकारीचा नाद होता. वेगाची हौस त्यांनाही होती, हे आमच्या सहा जणांनी लक्षात घ्यावे! पुढे वकिली सोडून त्यांनी १९४९ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभे केले. दानाने माणूस लाचार होतो आणि कामाने उभा राहतो, असे ते मानत. तिथल्या लोकांनी भीक मागितली नाही. त्यांनी विहिरी खोदल्या, शेती केली, दूध आणि भाजीपाला पिकवला.

१९८४ नंतरचे दिवस देशासाठी वाईट होते. पंजाब पेटला होता, दिल्लीत दंगली झाल्या होत्या. अशा वेळी डिसेंबर १९८५ मध्ये बाबांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा काढली. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलवर होते. बाबांचे वय तेव्हा ७१. मणक्याच्या आजारामुळे त्यांना बसता येत नसे, म्हणून ते गाडीत आडवे पडून मुलांसोबत गेले. १९८८ मध्ये दुसरी यात्रा निघाली, अरुणाचल प्रदेशातून गुजरातकडे. पुढे १९९० नंतर कितीतरी वर्षे ते आपल्याच राज्यात, बडवानीजवळ नर्मदेच्या काठी राहिले.

या यात्रांनी देश जोडला गेला का? एका यात्रेने तो जोडला जात नाही. पण या यात्रेत वेग हे साधन नव्हते. सायकल हळू जाते, म्हणून गाव दिसते. वाहन कोणतेही असो, आपण थांबतो किती आणि कोणाजवळ, यावर प्रवासाची किंमत ठरते, असे माझे मत आहे. महामार्गावरच्या ढाब्यावर फोटो काढून पुढे गेले तर साडेसहा हजार किलोमीटरांत एकही माणूस भेटणार नाही.

तेव्हा माझे म्हणणे असे की मुलांनी जावे. शाळेने पाठीशी उभे राहावे. पण काही अटींवर.

पहिली अट. पेट्रोल, जेवण, मुक्काम हा सगळा खर्च स्वतःच्या खिशातून. जमलेला प्रत्येक रुपया मुलींच्या निधीत जाईल, आणि परतल्यावर आठ दिवसांत पै-पैचा हिशेब शाळेच्या फलकावर लागेल. पैसे कमी पडत असतील तर चतुष्कोण सोडून अर्धाच रस्ता करावा. त्यात कमीपणा नाही.

दुसरी अट. शाळेतल्या मुलांकडून वर्गणी नाही. ज्या घरात बसभाड्याची ओढाताण आहे त्याच घरातून बसभाड्याचा निधी मागणे मला पटत नाही. द्यायचे असेल तर माजी विद्यार्थ्यांनी द्यावे, आम्ही शिक्षकांनी द्यावे. माझे नाव पहिले लिहा.

तिसरी अट सुरक्षिततेची. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसे गेली, आणि त्यांतली जवळजवळ ४४ टक्के दुचाकीवरची होती. पुण्याच्या कामाला निघालेल्याला ट्रक वेगळा ओळखत नाही. सूर्य मावळला की गाडी बंद, हेल्मेट सतत डोक्यावर, आणि आई-वडिलांची लेखी संमती. तुमचे वय तिशीचे असले तरी!

चौथी अट. शक्य असेल तिथे रात्रीचा मुक्काम एखाद्या शाळेत करावा. वाटेत बडोदा आहे, बेळगाव आहे. आपल्यासारखीच महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणारी माणसे तिथे आहेत. त्यांच्याजवळ बसावे, ते मुलांना मराठी कशी शिकवतात ते विचारावे. संध्याकाळी तिथल्या मुलींशी बोलावे, त्यांची शाळा कशामुळे सुटते ते ऐकावे आणि वहीत लिहून आणावे. ती वही मला तीन लाखांइतकीच महत्त्वाची वाटेल.

पाचवी आणि शेवटची अट मी बैठकीत बोललो नव्हतो. ती आज लिहितो.

सहाही मुले सावरगावची आहेत, नदीच्या याच काठावरची. जाम नदीच्या पलीकडे पांढुर्णा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण नदीत पळसाचे झाड रोवतो, त्यावर झेंडा बांधतो आणि दोन्ही काठांवरून गोटे चालतात. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. जीवही गेले आहेत. परंपरा जुनी आहे, तिच्यामागे चंडीमातेवरची श्रद्धा आहे, हे मी जाणतो. मी इथेच वाढलो आहे. पण पट्टी बांधलेल्या डोक्याने वर्गात बसलेली मुलेही मी शिक्षक म्हणून पाहिली आहेत. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्याला जोडले गेले. कागदावर रेषा बदलली की जिल्हा होतो. माणसे जोडायला कागद पुरत नाही.

माझे म्हणणे इतकेच की सहा गाड्यांपैकी तीन पलीकडच्या काठावरच्या असाव्यात. आपले तीन, त्यांचे तीन. ज्या हातांनी एकमेकांवर गोटे फेकले असतील त्याच हातांनी पंचवीस दिवस एकमेकांच्या गाडीचे पंक्चर काढावे, एका ताटात जेवावे. आणि निधीतून मदत मिळेल ती दोन्ही काठांवरच्या मुलींना. निघतानाचा नारळ शाळेच्या फाटकात न फोडता जामच्या पुलावर फोडावा.

मुलांनी विचार करायला आठवडा मागितला होता. परवा त्यांच्यातला एक जण येऊन गेला. म्हणाला, "सर, दोघे तयार झाले. तिसऱ्याच्या घरी बोलणे चालू आहे." मी विचारले, आपल्यातले कोण तिघे मागे राहणार? तो म्हणाला, "त्यावरच भांडण चालू आहे." मी म्हटले, ते भांडण चांगले आहे, सावकाश मिटवा.

विश्वस्त मंडळींना माझी विनंती आहे की पुढच्या बैठकीत या पाच अटींसह परवानगी द्यावी. पालकांना कुठली अट चुकीची वाटत असेल तर निःसंकोच येऊन सांगावे. कार्यालय दुपारी सुट्टीच्या वेळी उघडे असते. आणि नववी-दहावीच्या मुलींनो, हा निधी जमो वा न जमो, बसभाड्यासाठी शाळा सोडायची वेळ आली तर आधी मला येऊन सांगा. नाव काढून टाकल्यावर सांगू नका.

आपला,
मुख्याध्यापक