यंत्राचा सल्ला आणि रिकामी पदे

ग्रामीण मातांच्या आरोग्याच्या प्रश्नावर राजधानीतील योजनाकारांना नवा रामबाण उपाय सापडला आहे. आशा कर्मचाऱ्याने रक्तदाब, हिमोग्लोबिन व साखर तपासून आकडे पडद्यावर भरावेत आणि पुढे काय करावे ते यंत्राने सांगावे! दिल्लीलगतच्या झज्जर जिल्ह्यात ‘स्मार्टहेल्थ प्रेग्नन्सी’ या नावाने असा प्रयोग झाला आहे.

गर्भवतीचा धोका वेळीच ओळखला जाण्यास कोणीही विरोध करणार नाही. मार्क्सवाद्यांचे भांडण यंत्राशी नसून त्याच्या भांडवली वापराशी आहे. परंतु धोका मोठा असला की यंत्राचा सल्ला एकच असतो: वरच्या दवाखान्यात पाठवा. वर आहे कोण? केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या मानाने स्त्रीरोगतज्ज्ञांची ७४.२ टक्के, तर बालरोगतज्ज्ञांची ८१.६ टक्के तूट होती. रिकाम्या खुर्चीकडे पाठवणारा सल्ला हा उपचार नव्हे.

शेजारच्या उत्तर प्रदेशाचा अनुभव हेच सांगतो. तेथील १२० आरोग्य केंद्रांत जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित प्रसूतीविषयक तपासणी सूचीची चाचणी घेण्यात आली. सूची कागदी होती, पण तत्त्व तेच. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. परिचारिकांचे काम निश्चितपणे सुधारले. मात्र बालमृत्यू, मातामृत्यू व मातांच्या गंभीर गुंतागुंती यांचे एकत्रित प्रमाण सूची असलेल्या केंद्रांत १५.१ टक्के, तर नसलेल्या केंद्रांत १५.३ टक्के राहिले. म्हणजे फरक जवळजवळ शून्य! दोष परिचारिकांच्या अज्ञानात आहे, हा सिद्धांत येथेच कोसळतो.

तरीही राज्यकर्त्यांना पडदा प्रिय का? कारण डॉक्टर नेमण्यापेक्षा तो स्वस्त पडतो आणि मृत्यूची जबाबदारी सरकारच्या माथ्यावरून मानधनावर राबणाऱ्या स्त्रीच्या माथी ढकलता येते. शिवाय सल्लागार म्हणून आलेले यंत्र मुकादम बनण्यास वेळ लागत नाही. हरियाणात सरकारी फोनमध्ये ‘एमडीएम ३६० शील्ड’ हे ॲप बसवण्याविरुद्ध आशांनी २०२१ साली आवाज उठवला, तो पाळत ठेवली जाण्याच्या भीतीमुळेच. २०२३ साली त्याच भगिनींनी ७३ दिवसांचा संप केला, तेव्हा कोठे त्यांचे निश्चित मानधन दरमहा ४,००० वरून ६,१०० रुपयांवर गेले. नव्या यंत्रांचे ढोल बडवणाऱ्या सरकारकडून ही वाढही लढूनच मिळवावी लागली!

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. तज्ज्ञांची रिक्त पदे भरा. प्रसूती होणाऱ्या प्रत्येक केंद्राला औषधे, रक्त आणि रुग्णवाहिका यांची हमी द्या. आशांना कामगाराचा दर्जा आणि किमान वेतन द्या. यंत्रातील माहितीचा वापर त्यांच्यावरील पाळतीसाठी करणे बंद करा. या मागण्या पुऱ्या झाल्या तर यंत्र उपयुक्त सेवक ठरेल. त्या डावलून आणलेले यंत्र हा सरकारी बेजबाबदारीवरचा चकचकीत पडदा आहे. तो फाडण्याचे काम आरोग्य कर्मचारी, शेतमजूर आणि कामगार स्त्रियांच्या एकजुटीच्या लढ्यालाच करावे लागेल.