कुलूपबंद इंजिन आणि गॅरेजवाला

सटाण्याच्या बाजार समितीत कांदा आणणारी पिकअप बंद पडली, की पूर्वी रस्त्याकडेचा मिस्त्री पाना-पकड घेऊन यायचा, डिझेलच्या पाइपातली हवा काढायचा आणि गाडी चालू व्हायची. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले. आता इंधन किती आणि कोणत्या क्षणी सोडायचे हे ईसीयू नावाची संगणकपेटी ठरवते. साध्या मोटारसायकलचाही कार्बोरेटर गेला. 50 अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांनाही जानेवारी 2023 पासून नवे निकष लागले. धूर कमी झाला, हे चांगलेच झाले. आमची तक्रार त्याबद्दल नाही.

तक्रार कुलपाची आहे. बाजारातला स्वस्त स्कॅनर बिघाडाचा कोड दाखवतो. पण नवा इंजेक्टर बसवून त्याचा क्रमांक पेटीत नोंदवायचा, तर अनेक गाड्यांना कंपनीचेच सॉफ्टवेअर लागते. डिझेल इंजेक्टर तयार होतात आपल्याच जिल्ह्यात, सातपूरच्या बॉशमध्ये, म्हणजे जुन्या मायकोत. आणि सटाण्याच्या मिस्त्रीला मात्र तो बसवता येऊ नये! 2021 साली चिपचा तुटवडा पडला तेव्हा महिंद्रालाही उत्पादन कमी करावे लागले. ज्या मालासाठी कारखानदार अडतो, त्यासाठी गॅरेजवाल्याचे काय हाल होणार?

ज्याचे सातबाऱ्यावर नाव नाही, ज्याच्या बापाकडे दुकानाचे भांडवल नाही, अशा पोराला गॅरेज हाच धंदा मोकळा होता. इथे जात नव्हे, हात बघितला जायचा. आता हातापेक्षा पासवर्ड मोठा झाला. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकणाऱ्या मुलांना चालू काळातला स्कॅनर हाताळायला मिळतो का, हे लोकप्रतिनिधींनी एकदा जाऊन पाहावे.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने शमशेर कटारिया प्रकरणात 14 मोटार कंपन्यांना सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजवाल्यांना द्या, असे बजावले. कंपन्या अपिलात गेल्या आणि दंडाचे घोंगडे भिजत पडले. जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, पुढे पोर्टलही काढले. पण पोर्टलवर माहिती टाकणे वेगळे आणि कायद्याने बांधून घेणे वेगळे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने 2012 सालीच असा कायदा केला. आपल्या संसदेला कोणी अडवले आहे?

तोवर गाडीमालकांनी एक करावे. बाहेर काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका. बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारा, असेही त्याच आदेशात म्हटले आहे. शोरूमवाला तोंडी 'वॉरंटी गेली' म्हणाला, तर तेच कारणासह लेखी मागावे. तो कागद नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात कामाला येतो.